सैनिकाची पाठ

इसवी सन १४. सम्राट ऑगस्टस नुकताच वारला होता आणि डॅन्यूब नदीच्या बाजूला, पॅनोनियात तळ ठोकून असलेल्या रोमन पलटणींनी बंड पुकारलं. पगार तुटपुंजा, नोकरीची वर्षं संपता संपत नाहीत आणि वर रोजचा मार. त्या बंडात ल्युसिलियस नावाच्या एका सेंच्युरियनला, म्हणजे तुकडीच्या नायकाला, त्याच्याच शिपायांनी ठार केलं. या शिपायांनी त्याचं ठेवलेलं टोपणनाव टॅसिटस या इतिहासकारामुळे आपल्यापर्यंत पोचलं आहे: ‘दुसरी आण’. सेंच्युरियनच्या हातात द्राक्षवेलीची काठी असे, ती त्याच्या अधिकाराची खूण. ल्युसिलियस ती शिपायाच्या पाठीवर मोडेपर्यंत चालवायचा आणि मोडली की ओरडायचा, दुसरी आण. तीही मोडली की आणखी एक.

सैन्यांविषयी वाचताना मी लढायांच्या नकाशांपेक्षा अशा नोंदींपाशी जास्त वेळ रेंगाळते. कोणत्या टेकडीवरून कोणी कुठे हल्ला चढवला हे विसरायला होतं, पण काठी मोडल्यावर दुसरी मागवणारा माणूस विसरता येत नाही. गेली काही वर्षं सैनिकी प्रशिक्षणाबद्दल जे हाताला लागेल ते वाचते आहे आणि त्यातून माझ्यापुरतं एक मत घट्ट झालं आहे. शस्त्रं बदलली म्हणून प्रशिक्षण बदललं, हे खरं असलं तरी अर्धंच आहे. सैन्याने आपल्याच सैनिकावर किती भरवसा ठेवला, हे प्रत्येक काळातल्या शिकवण्याच्या पद्धतीतून उघडं पडतं. तो पाठ दाखवून पळेल, हे गृहीत धरलेलं सैन्य एका तऱ्हेने शिकवतं. तो विचार करेल असं मानणारं सैन्य अगदी वेगळ्या तऱ्हेने शिकवतं.

रोमनांना नुसतं क्रूर म्हणून मोकळं होता येत नाही, कारण ते उत्तम शिक्षकही होते. व्हेजिशियस या उत्तरकालीन रोमन लेखकाने जुन्या पद्धती लिहून ठेवल्या आहेत. नव्या शिपायाला लाकडी तलवार आणि वेताची ढाल देत, दोन्ही खऱ्याच्या दुप्पट वजनाच्या. जमिनीत माणसाच्या उंचीचा खांब पुरलेला असे आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ सराव. वार करायचा नाही, भोसकायचं, हे पुन्हा पुन्हा बजावत. वार हाडावर आणि चिलखतावर अडतो, पण टोक दोन बोटं आत गेलं की माणूस संपतो. वार करायला हात उगारला की स्वतःची बगल उघडी पडते, हेही समजावत. चालण्याचा सराव उन्हाळ्याच्या दिवसात पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे जवळपास तीस किलोमीटर, आणि पाठीवर साठ रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण वीस किलो ओझं. यात कुठेही अंदाधुंदी नाही. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते सांगितलंही आहे. तरी त्याच सैन्यात ल्युसिलियस होता. शिकवण्याची पद्धत आणि बरॅकमधली रीत या दोन गोष्टी तेव्हाही वेगवेगळ्या चालत होत्या, आणि पुढेही बराच काळ तशाच चालत राहिल्या.

आज आपण जिला कवायत म्हणतो ती युरोपात सोळाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने घडली. १५९४ मध्ये विल्यम लुई या डच सेनानीने आपला चुलतभाऊ मॉरिस ऑफ नासाऊ याला एक पत्र लिहिलं आणि त्यात रांगांची आकृती काढून पाठवली. पुढच्या रांगेने बंदुका झाडायच्या, मागे जायचं, भरायच्या, तोवर मागची रांग पुढे. ही कल्पना त्याला रोमन काळातल्या युद्धशास्त्राच्या वाचनातून सुचली होती. पण अडचण हातांची होती. तेव्हाची बंदूक जळत्या वातीवर चालायची. एका हातात पेटती वात, दुसऱ्या हाताने दारू ओतायची, आणि खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या हातातही पेटती वात. एकाचा कोपर चुकला तर तिघे भाजणार. म्हणून बंदूक भरण्याची क्रिया सुटी करून एकेक हालचाल ठरवून टाकली. १६०७ मध्ये याकोब दे खेन या चित्रकाराने काढलेल्या चित्रांचं पुस्तक निघालं. त्यात एकट्या मस्केटसाठी ४३ चित्रं आहेत, भाल्यासाठी ३२. दर चित्राला एक हुकूम. वाचता न येणाऱ्यालाही चित्र बघून शिकता यावं अशी ती व्यवस्था.

ती चित्रं मी पुष्कळ वेळा पाहिली आहेत. टोपीत पिसं खोवलेला एक शिपाई तोंडाने वातीवर फुंकर घालतो आहे. पुढच्या चित्रात तोच बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवतो. पुढे गज काढतो. कुठेही घाई नाही, दटावणी नाही. चित्रकाराने हातांकडे इतक्या मन लावून पाहिलं आहे, की या माणसाला इजा होऊ नये अशी कोणाची तरी इच्छा त्यामागे असावी असं वाटत राहतं. कवायतीला आपण सहज माणसाचं यंत्र करणारी गोष्ट म्हणतो, आणि ती पुढे तशी झालीही. पण सुरुवातीला तिने माणसं वाचवली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

कवायत जवळून पाहिली की तिचं बळ कळतं. एका मैदानाच्या कडेला उभी राहून मी नव्या रंगरुटांची तुकडी बघत होते. हुकूम सावधानचा. प्रशिक्षक रांगेतून चालत आला, एका मुलासमोर थांबला, वाकला आणि त्याची मूठ धरून अंगठा पँटच्या शिवणीवर सरळ टेकवला. बोलला काहीच नाही. मुलाने मान हलवली नाही, पण पुढच्या हुकमाला त्याचा अंगठा आपसूक तिथेच गेला. सुरुवातीला टाचा वाजत तेव्हा मूठभर खडे फरशीवर सांडल्यासारखा आवाज होई. बऱ्याच वेळाने एकदा सगळ्यांचा मिळून एकच आवाज आला, आणि त्या मुलांच्या चेहऱ्यांवर जे उमटलं तो आनंद होता, दुसरं काही नाही. विल्यम मॅक्नील या इतिहासकाराने १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती होऊन टेक्सासच्या उन्हात तासन् तास अशीच कवायत केली होती. आधुनिक युद्धात तिचा उपयोग शून्य, हे त्याला कळत होतं. तरी बरोबरीने पावलं टाकताना काहीतरी सुखावणारं अंगात भरून येत होतं, असं त्याने पुढे लिहिलं आणि त्या अनुभवाचा माग काढत एक अख्खं पुस्तक केलं. एकत्र हलणारी शरीरं एकमेकांची होतात. सैनिक शेजारच्यासाठी लढतो असं म्हणतात, त्याची पहिली पायरी मला तरी तिथे दिसली.

हीच कवायत अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजांत आली आणि जुन्या रिवाजाशी तिचा खटका उडाला. पानिपतावर भाऊसाहेबांची भिस्त इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळावर आणि तोफांवर होती, तर मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी गारद्यांच्या पलटणींनी रोहिल्यांची मोठी हानी केली, पण एकाच फौजेत लढण्याच्या दोन रीती नांदत होत्या आणि त्यांचा मेळ बसला नाही. त्या रणातून पाय जायबंदी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी पुढे १७८४ मध्ये द बॉयन्य या युरोपीय सेनानीला नोकरीस ठेवलं आणि त्याने उभ्या केलेल्या कंपूंनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे राजपूत फौजा मोडल्या. मात्र या पलटणींचे वरचे अधिकारी बहुतांशी भाडोत्री युरोपीयच राहिले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा त्यातले बरेच जण सरळ नोकरी सोडून गेले. असईच्या लढाईत मागे उरलेल्या गोलंदाजांनी आणि शिपायांनी वेलस्लीच्या सैन्याला जबर किंमत मोजायला लावली, तरी लढाई हातची गेली. कवायत विकत घेता आली. तिचा हुकूम देण्याइतका भरवसा मात्र आपल्या माणसांवर कधी टाकला गेला नाही, असं मला त्या प्रकरणाबद्दल वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

युरोपात तोवर प्रशिया या जर्मन राज्याचा बोलबाला होता. शिपायाला शत्रूपेक्षा आपल्या अधिकाऱ्याची भीती जास्त वाटली पाहिजे, ही तिथला राजा थोरला फ्रेडरिक याची धारणा. त्याच्या पलटणी घड्याळासारख्या चालत आणि चुकलेल्याला दोन रांगांमधून चालवून दोन्ही बाजूंनी छड्यांनी झोडत. मारणारे हात त्याच्याच सोबत्यांचे असत, हा त्यातला सगळ्यात दुष्ट भाग. असं सैन्य १८०६ मध्ये नेपोलियनसमोर येना आणि आउअरश्टेट इथे एका दिवसात कोलमडलं. त्यानंतर ज्यांनी सैन्य पुन्हा बांधलं त्यांत ग्नाइझेनाउ होता. त्याने १८०८ मध्ये एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच ‘पाठींचं स्वातंत्र्य’. सामान्य नागरिक सैन्यात यायला हवा असेल तर त्याच्या पाठीवर छडी चालता कामा नये, असा त्याचा रोखठोक मुद्दा होता. त्याच वर्षी प्रशियात ती शिक्षा बंद झाली. आधी पराभव आणि मग दया, हा क्रम लष्करी इतिहासात इतक्यांदा दिसतो की मन विषण्ण होतं.

त्याच्या तीस वर्षं आधी एका प्रशियन अधिकाऱ्यालाच हे दुसऱ्या खंडात उमगलं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७८ च्या फेब्रुवारीत, श्टॉयबेन व्हॅली फोर्जच्या तळावर पोचला तेव्हा वॉशिंग्टनचं सैन्य थंडी, भूक आणि आजारांनी खंगलेलं होतं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने शंभरेक माणसांची एक नमुन्याची तुकडी घेतली आणि बंदूक स्वतःच्या हातात धरून शिकवायला सुरुवात केली. अधिकाऱ्याने असं करणं तिथे हलकं समजलं जाई, ते काम सार्जंटचं. पुढे एका युरोपीय मित्राला त्याने लिहिलं, की तुमच्याकडे शिपायाला ‘हे कर’ म्हटलं की तो करतो, इथे मला आधी ते का करायचं हे सांगावं लागतं, मग तो करतो. माझ्या लेखी लष्करी प्रशिक्षणाच्या इतिहासात याहून महत्त्वाचं पत्र नाही. कारण सांगितल्याने शिस्त ढिली पडते, ही समजूत आजही अनेकांच्या डोक्यात ठाण मांडून आहे. आणि ज्या सैन्याला श्टॉयबेनने कारणं सांगितली, ते त्याच उन्हाळ्यात मॉनमथच्या लढाईत इंग्रजांच्या तोडीस तोड उभं राहिलं.

ब्रिटनमध्ये मात्र चाबूक बराच काळ टिकला. १८४६ मध्ये हाउन्स्लोच्या बरॅकमध्ये फ्रेडरिक व्हाइट नावाच्या घोडदळाच्या शिपायाला सार्जंटवर हात टाकल्याबद्दल १५० फटके मारले आणि काही आठवड्यांनी तो मेला. सैन्याच्या डॉक्टरांनी मृत्यूचा फटक्यांशी संबंध नाही असं सांगून पाहिलं. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, म्हणजे कॉरोनर, थॉमस वॅक्ली याने ऐकलं नाही. मेलेल्या शिपायाच्या मणक्यालगतचे स्नायू तपासायला लावले आणि पंचांनी मृत्यूचा दोष फटक्यांवर ठेवला. त्याच वर्षी फटक्यांची मर्यादा पन्नासवर आणली. पूर्ण बंदी यायला १८८१ उजाडलं. दर वेळी एखाद्याच्या मरणानंतर आकडा थोडा खाली येतो. एकदम शून्य का करता येत नाही, असा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला असेलच.

पहिल्या महायुद्धाने भीतीलाच उघड्यावर आणलं. तोफगोळ्यांच्या माऱ्यात महिनोन् महिने खंदकात बसलेल्या माणसांची वाचा जाऊ लागली, हातपाय थरथरायला लागले. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ म्हणून त्याची नोंद केली. त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा असल्या आरोपांखाली ब्रिटनने आपल्या तीनशेहून अधिक सैनिकांना पहाटे खांबाला बांधून गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. तोवर त्यांच्या मुलांनीही आयुष्यं काढली होती, अनेकांनी वडिलांचं नाव न घेता.

आता प्रशिक्षणातल्या ज्या बदलाने मी सर्वांत अस्वस्थ होते, त्याकडे येते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन अधिकाऱ्याने लिहिलं की प्रत्यक्ष लढाईत फार थोडे सैनिक शत्रूवर गोळी झाडतात, चारांत एक किंवा त्याहूनही कमी. त्याचा आकडा कशावर आधारला होता, याबद्दल पुढे इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या, तसा हिशेब त्याच्या टिपणांत सापडत नाही. पण सैन्याने तो मनावर घेतला. तोवर नेमबाजी म्हणजे ठरलेल्या अंतरावरचं गोल वर्तुळ आणि शांतपणे धरलेला श्वास. १९५० च्या दशकात अमेरिकेत त्याजागी माणसाच्या आकाराच्या पाट्या आल्या. झुडपातून अचानक वर येणाऱ्या, काही सेकंदच दिसणाऱ्या, गोळी लागताच पडणाऱ्या. दिसली की झाड, पडली की पुढची. विचार मध्ये यायच्या आत हात चालला पाहिजे. पुढे जगभर हीच पद्धत रुळली.

त्यामागचं कारण मला कळतं. क्षणभर थबकलेला सैनिक स्वतःचा जीव गमावतो, सोबत्याचाही. ज्याला आपण सीमेवर पाठवतो त्याला वाचण्याची प्रत्येक संधी देणं आपलं कर्तव्यच आहे. पण माणूस माणसाला मारताना थबकतो, ही त्याच्यातली चांगली गोष्ट आहे, आणि इथे आपण शास्त्रीय पद्धतीने नेमकी तीच पुसायला घेतली. हात विचाराच्या पुढे धावायला शिकवला, तर तो थांबवायचाही शिकवावा लागतो. ते काम बराच काळ कोणी मनावर घेतलं नाही.

१६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाई गावात अमेरिकन सैनिक बायका-मुलांना आणि म्हाताऱ्यांना मारत सुटले होते. वरून हेलिकॉप्टर उडवणाऱ्या ह्यू थॉम्प्सनला ते दिसलं. त्याने हेलिकॉप्टर पळणारे गावकरी आणि त्यांच्या मागे लागलेले सैनिक यांच्या मध्ये उतरवलं, आणि या लोकांवर आपल्या माणसांनी गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा, असं आपल्या साथीदारांना सांगून एकटा खाली उतरला. लपलेल्या गावकऱ्यांना त्याने बाहेर काढलं, दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून त्यांना दूर पाठवलं आणि तळावर जाऊन सगळं वरिष्ठांच्या कानावर घातलं. मायदेशी त्याला कित्येक वर्षं गद्दार म्हणत, धमक्या येत. पदक मिळालं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. त्या दिवशी त्या गावात उतरलेल्यांनीही त्याच सैन्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. थॉम्प्सनला जे सुचलं ते शिकवता येतं का, या प्रश्नाला मी अजून चिकटून आहे. माय लाईनंतर युद्धाचे कायदे शिकवण्याचे तास वाढले. वर्गातला तास आणि मैदानावरची सवय यांत मैदान जिंकतं, म्हणून आता काही सैन्यांत त्याच उठणाऱ्या पाट्यांमध्ये हात वर केलेला माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई अशा पाट्याही असतात. न झाडलेल्या गोळीलाही गुण. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

शिकवण्यातल्या क्रौर्याचं मात्र काय झालं? त्यासाठी १९५६ मधली एक रात्र बघावी लागते. अमेरिकेत साउथ कॅरोलिनात पॅरिस आयलंड हे मरीन सैनिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे. ८ एप्रिल, रविवार. मॅथ्यू मॅकीऑन हा प्रशिक्षक आपली ७१ क्रमांकाची तुकडी घेऊन अंधारात रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरला. मुलं बेशिस्त झाली आहेत, त्यांना धडा शिकवायचा होता. सगळ्यांत पुढे तो स्वतः होता. काहींना पोहता येत नव्हतं. चिखल, भरतीचं पाणी, कोणीतरी ओरडलं, एकच गोंधळ उडाला आणि सहा मुलं बुडाली. मॅकीऑनने काहींना ओढून काढायचा प्रयत्न केला. लष्करी न्यायालयापुढे खटला चालला तेव्हा बरेच जुने सैनिक त्याच्या बाजूने बोलायला आले. आम्हीही असेच शिकलो, हा त्यांचा युक्तिवाद.

या वाक्यापाशी मी नेहमी अडते. ज्याने मार खाल्ला त्याला, आपण त्या मारामुळेच घडलो असं वाटावं, यात नवल नाही. तसं न मानलं तर तो मार फुकटच गेला, हे मान्य करावं लागतं. म्हणून तो पुढच्या पोरांना तसाच मारतो आणि मनापासून त्यांचं भलं करतो आहे असं समजतो.

त्या घटनेनंतर मरीन कोअरने प्रशिक्षकांवर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवली, निवड कडक केली. आणि त्याच वर्षी प्रशिक्षकांना रुंद काठाची खास टोपीही दिली. आज ती टोपी म्हणजे दराऱ्याची खूण समजतात. प्रत्यक्षात ती आली प्रशिक्षकांची प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी, हातातली मनमानी काढून घेतली जात असताना. हा मला शहाणपणाचा निर्णय वाटतो. माणसाकडून मारण्याचा हक्क काढून घ्यायचा तर त्याला मान मिळवायची दुसरी वाट द्यावी लागते.

अमेरिकेच्या पायदळात नवा रंगरूट बसमधून उतरला की पाच-सहा प्रशिक्षक त्याला घेरून अंगावर ओरडत, त्या प्रकाराला शार्कचा हल्ला असंच नाव पडलं होतं. २०२० मध्ये फोर्ट बेनिंगने तो बंद केला. त्याजागी पहिल्या दिवशी तुकडीला मिळून एक अवघड काम देऊ लागले. दोन वर्षं आधी, २०१८ मध्ये, पायदळाचं प्रशिक्षण तिथे १४ आठवड्यांवरून २२ आठवडे केलं होतं. म्हणजे ओरडणं कमी झालं आणि शिकवणं वाढलं. सैनिक मऊ झाले अशी ओरड होतच असते. २२ आठवडे ते सामान पाठीवर घेऊन चिखलात पडून बघितल्याशिवाय कोणी ते म्हणू नये.

पण प्रशिक्षकाने छळणं थांबवलं तरी बरॅकमध्ये रात्री काय चालतं, हा वेगळा प्रश्न. सोव्हिएत आणि नंतरच्या रशियन सैन्यात जुने भरती झालेले नव्यांना वर्षभर गुलामासारखे राबवत, मारत, त्यांचे पगार आणि घरून आलेल्या वस्तू हिसकावत. त्या प्रकाराला ‘आजोबांची सत्ता’ म्हणत. १९८९ पासून सैनिकांच्या आयांनी समित्या करून याविरुद्ध आवाज उठवला. २००८ पासून सक्तीची सेवा दोन वर्षांवरून एक वर्षावर आली, तेव्हा जुने आणि नवे ही उतरंड निदान काही प्रमाणात मोडली. दक्षिण कोरियात २०१४ मध्ये एका तरुण शिपायाला सोबत्यांनी महिनाभर छळून मारलं, तेव्हा देश हादरला. तिथे २०२० पासून शिपायांना काम संपल्यावर मोबाइल वापरू देतात. वरवर किरकोळ वाटणारी सवलत. पण रोज संध्याकाळी आईशी बोलणाऱ्या मुलाच्या अंगावरचे वळ लपवणं अवघड असतं.

पाठीवरचं ओझं मात्र एवढ्या सगळ्या काळात हलकं झालं नाही, उलट वाढलं. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटिश मरीन सैनिक ३६ किलो घेऊन तीन दिवसांत नव्वद किलोमीटर चालले. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकन पायदळाच्या ओझ्याची मोजणी झाली. प्रत्यक्ष लढताना सरासरी २९ किलो आणि लांबच्या वाटचालीला ४६ किलो. रोमन शिपायाच्या दुपटीहून अधिक. चिलखत, पाणी, दारूगोळा, रेडिओ, आणि त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या. तसा भरलेला पिठ्ठू एकदा पाठीवर घेऊन मी उभी राहिले होते. पहिल्यांदा खांद्यांवर काही जाणवत नाही, जाणवतं ते गुडघ्यांत, आणि मान आपोआप पुढे जाऊन नजर जमिनीकडे वळते. नजर वर ठेवून, धोका शोधत चालायचं हे शिकवावं लागतं, कारण शरीर त्याच्या विरुद्ध ओढत असतं. निवृत्त सैनिकांच्या कंबरदुखीला म्हातारपणाचा भाग म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

आणि आता पुन्हा घाईचे दिवस आले आहेत. २०२२ पासून ब्रिटनमध्ये हजारो युक्रेनियन नागरिकांना पाच आठवड्यांत सैनिक केलं गेलं. कालपर्यंत शिकवणारे, ट्रक चालवणारे, दुकान सांभाळणारे लोक. शंभर वर्षांपूर्वीसारखेच खंदक त्यांना खणायला शिकवले, आणि परत गेल्यावर त्यांच्या डोक्यावर घोंघावत होते ते ड्रोन. ड्रोनपासून कसं लपायचं हे शिकवणाऱ्यांपेक्षा शिकणाऱ्यांनाच जास्त ठाऊक, अशी वेळ आली. या ड्रोन चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण तर संगणकाच्या पडद्यावर, खेळात वापरतात तसल्या कंट्रोलरवर होतं. त्यांना मरणारा माणूस रोमन शिपायापेक्षाही स्पष्ट दिसतो, शेवटच्या सेकंदापर्यंत, आणि ते स्वतः मैलोगणती दूर असतात. या माणसांच्या मनाचं काय होतं, हे समजून घ्यायला फार उशीर करू नये. युद्धाने मनाला होणाऱ्या इजेला पीटीएसडी हे नाव आणि आजार म्हणून मान्यता मिळायला १९८० उजाडलं होतं, तोवर व्हिएतनामहून परतलेली पिढी आपल्यातच काहीतरी वाईट आहे असं समजून जगत होती.

मला या सगळ्यात आशा वाटते ती एका कोरड्या कायद्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने जे केलं त्यानंतर, १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीने नवं सैन्य उभारलं तेव्हा बाउडिसिन या अधिकाऱ्याने आग्रह धरला, की सैनिक हा गणवेशातला नागरिक आहे. १९५६ च्या सैनिक कायद्यात लिहिलं गेलं की माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारा हुकूम सैनिकाने मोडला तर तो गुन्हा नाही, आणि ज्याने गुन्हा घडेल असा हुकूम पाळायचाच नाही. त्याच सुमारास संसदेने सैनिकांसाठी एका आयुक्ताची तरतूद केली. कुठल्याही हुद्द्याचा सैनिक, अगदी काल भरती झालेलाही, मधल्या एकाही साहेबाला न विचारता त्याला थेट पत्र लिहू शकतो. दर वर्षी त्या तक्रारींचा अहवाल संसदेपुढे येतो, छापला जातो आणि कोणालाही वाचता येतो. त्यात मारहाण असते, अपमान असतात, आणि फाटके बूट, गळकी छपरं, न मिळालेले हिवाळी कोटही असतात. ज्या ज्या देशाला स्वतःचं सैन्य आहे, त्या प्रत्येकाने असा आयुक्त नेमावा आणि त्याचा अहवाल छापावा, असं मला फार कळकळीने वाटतं.